सोनबोडीचं मर्जर

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

आजपासून रोजनिशी. रिटायर माणसाने लिहिलं नाही तर विचार डोक्यातच पडून राहतात आणि खराब होतात. हे लिखाण फक्त माझ्यासाठी आहे. मंदाने वाचू नये. तशी ती वाचणार नाहीच. माझं काहीही वाचणं तिने लग्नानंतर लवकरच सोडलं.

संकल्प: सोनबोडी गावातल्या दोन नाट्य मंडळांचं मर्जर करायचं. मुदत मंडईपर्यंत. मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावची जत्रा, यंदा ८ नोव्हेंबरला ठरली.

गरज काय? गरज उघड आहे. मंडईला गावच्या लेकी येतात, जावई येतात, पाहुण्यांनी घरं भरतात. दिवसा दंडारीचं नाचगाणं, रात्री नाटक. रात्र एक आणि नाटकं दोन. गावाच्या एका टोकाला जुनं मंडळ, दुसऱ्या टोकाला नवं, म्हणजे आमचं मंडळ. दोन्हीकडचे भोंगे मध्येच एकमेकांत घुसतात. मागच्या वर्षी आमच्या नायिकेने "नाथ, कुठे आहात?" असं विचारलं आणि तिकडच्या राक्षसाने उत्तर दिलं.

या कामाला गावात माझ्याइतका लायक माणूस नाही. मी बँकेत असताना आमच्या बँकेचं दुसऱ्या बँकेशी मर्जर झालं होतं. ते मी फार जवळून हाताळलं. आमच्या शाखेचा बोर्ड उतरवला तेव्हा शिडी मीच धरली होती.

सकाळी कवडू सोनं वाटत आला. कवडू माझा धाकटा भाऊ. घराला घर लागून, मध्ये नुसतं कुंपण. सात वर्षं झाली, माझ्याशी बोलत नाही. मंदाला सोनं दिलं, पाया पडला. आमची हर्षा नागपूरहून व्हिडिओ कॉलवर होती, तिला पान दाखवलं. आमच्या मोटरसायकलच्या हँडललाही एक पान खोचलं. मी मोटरसायकलला टेकूनच उभा होतो.

या गोष्टीचा वरच्या संकल्पाशी काही संबंध नाही. नोंद असावी म्हणून लिहिलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.

मर्ज म्हणजे काय, हे लोकांना आधी कळलं पाहिजे. शब्द कळला की अर्धं काम झालं. सुरुवात घरापासून केली. मंदा लाखोळीची डाळ निवडत होती. तिला म्हटलं, जॉइन म्हणजे दोन वस्तू जोडणं, त्यात जोड दिसतो. अटॅच म्हणजे चिकटवणं, ते उपटता येतं. मर्ज म्हणजे जोडच दिसत नाही. आपली सूर नदी वैनगंगेत जाते. पुढे कोणतं पाणी कोणाचं, सांगता येतं का?

मंदा म्हणाली की पाण्याचं नाही सांगता येत, पण नाव वैनगंगेचंच राहतं. सूर तिथं संपते.

मी म्हटलं, उदाहरण म्हणजे उदाहरण असतं, ते इतकं ताणायचं नसतं. तिने डाळीतला खडा बाहेर टाकला आणि म्हणाली, "अजी, तुमाले कवडूभाऊजीसंग बोलाचं आहे तं सीधे बोला ना. त्याच्यासाठी सारं गाव कायले मर्ज करून रायले?"

विषय संस्थात्मक आहे, हे तिला समजावलं. तिला समजलं नाही. बायकांना प्रत्येक गोष्टीत घर दिसतं.

५ ऑक्टोबर, रविवार.

राजकुमारला भेटलो. हा नव्या मंडळाचा अध्यक्ष. मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. मी याच मंडळात स्थापनेपासून प्रॉम्प्टर आणि मार्गदर्शक. मार्गदर्शक हे पद मीच सुचवलं होतं आणि कोणी विरोध केला नव्हता. मीटिंगला तेव्हा मी आणि राजकुमारच होतो.

त्याला म्हटलं, "लेट अस मर्ज." त्याने आधी माझी तब्येत विचारली. मग विचारलं की मर्ज झाल्यावर मंडप एक लागेल की दोन. एक, म्हटल्यावर चेहरा पडला. पण मोठा लागेल, म्हटल्यावर वर आला.

याला निगोशिएशन म्हणतात. बँकेत हे शिकवावं लागतं, माझ्यात ते मुळातच आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार.

जुन्या मंडळाचे अध्यक्ष मधुकरराव. वयाने मोठे, स्वभावाने थंड. ओट्यावर बसले होते. मी मर्जरचे फायदे सांगितले. एक मंडप, एक भोंगा, एक नायिका. दोन्ही मंडळं नायिका वडसाच्या नाटक कंपन्यांतून आणतात, दोघींना दोन गाड्या लागतात, दोघींना जेवायला वेगवेगळं लागतं. मधुकररावांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "कोन कोनात जाते, सेवकराम?"

प्रश्न फारच चांगला होता. मी सांगितलं की इंग्रजीत याचे दोन वापर आहेत. मर्ज विथ म्हणजे बरोबरीने, दोघांची मान सारखी. मर्ज इंटू म्हणजे एक दुसऱ्याच्या पोटात. आपलं विथ राहील. आमच्या बँकेच्या वेळी मोठ्या साहेबांनी हाच शब्द वापरला होता. हॉलमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले होते, विथ. नंतर शाखा बंद झाली, ही वेगळी गोष्ट.

मधुकरराव म्हणाले, "अन् तू कोनासंग येशीन?"

मी म्हटलं, मी दोन्हीकडचा. ते आभाळाकडे पाहू लागले. विचारात पडले असावेत. मी त्यांच्यावर छाप पाडली, यात शंका नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार.

जनजागृती. समाजमंदिराच्या भिंतीवर मोठ्या कागदावर लिहून लावलं: मर्ज म्हणजे काय? खाली अर्थ, खाली वाक्यात उपयोग. त्याखाली मोकळी जागा सोडली, लोकांनीही सराव करावा म्हणून.

११ ऑक्टोबर, शनिवार.

प्रतिसाद उत्तम. मोकळ्या जागेत लोकांनी वाक्यं लिहिली.

"बाबुरावची म्हैस आमच्या धानात मर्ज झाली." चूक. म्हैस बाहेर काढता येते. शेजारी तसा शेरा दिला.

"रोजगार हमीचा रस्ता तळ्यात मर्ज झाला." बरोबर. इंटू.

"सेवकराम भाऊ कोनातच मर्ज होत नाहीत." व्याकरणाने बरोबर. आशय अस्पष्ट. अक्षर ओळखीचं वाटलं, पण राजकुमारचं नसावं.

१२ ऑक्टोबर, रविवार.

दोन मंडळं झालीच कशी, असं हर्षाने फोनवर विचारलं. तिला माहीत आहे, तरी विचारते. लिहून ठेवतो, म्हणजे इतिहास नीट राहील.

सात वर्षांपूर्वी मंडळ एकच होतं. नाटक होतं "धन्या, डोळे उघड". कवडू धन्या होता. तिसऱ्या अंकात धन्याला मरायचं असतं. शेवटचं एक वाक्य बोलतो आणि मान टाकतो. प्रॉम्प्टर मी. विंगेत पुस्तक घेऊन बसलो होतो.

कवडू वाक्याच्या आधी थांबला. मी वाक्य दिलं. त्याने घेतलं नाही. मी जरा मोठ्याने दिलं. तरी घेतलं नाही. समोर चार गावची माणसं बसलेली. प्रॉम्प्टरचं कर्तव्य काय असतं? मी म्हटलं, "कवडू, तुला मरायचं आहे, मर." माझ्या डोक्यावरच एक माइक टांगलेला होता. तो चालू असेल, याची मला कोणी कल्पना दिली नव्हती. ही साउंडवाल्याची चूक.

चार गावं हसली. कवडू उठून बसला, नेसूचं सावरलं आणि स्टेजवरून खाली उतरून थेट घरी गेला. नायिकेला सांगणार कोण? ती रिकाम्या खाटेवर पडून रडत राहिली.

नंतर तो म्हणे सगळ्यांना सांगत होता की वाक्य विसरलोच नव्हतो, ती थांबण्याची जागा होती, महिनाभर तालीम केली होती. असेल. पुस्तकात तशी सूचना छापलेली नाही. मी पुस्तकाप्रमाणे गेलो. मंडळ फुटलं, कवडू जुन्यात राहिला, मी नव्यात आलो, त्याला वैचारिक कारणं होती. आणि ते नाटक मला आजही पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पाठ आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार.

मोठी कल्पना सुचली. मंडळं मर्ज करायची तर नाटकंही मर्ज करावी लागतील. यंदा जुनं मंडळ "भस्मासुराचा अंत" करतंय आणि नवं मंडळ "न्यायाधीश, खाली उतरा". एक पौराणिक, एक सामाजिक. दोघांचे कलाकार ठरलेत, कपडे ठरलेत. कोणी माघार घेणार नाही. म्हणून दोन्ही पुस्तकं घेतली, बसलो आणि एक केलं.

भस्मासुर वर मिळवतो, ज्याच्या डोक्यावर हात ठेवेल तो भस्म. पहिल्याच अंकात तो गावच्या सावकाराला भस्म करतो. खटला उभा राहतो. न्यायाधीश त्याला विचारतात, गुन्हा कबूल आहे का? शेवटी मोहिनी नाच करून त्याला स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवायला लावते, असं मूळ पुस्तकात आहे. मी बदललं. इन्स्पेक्टर कोर्टात न्यायाधीशांना सॅल्यूट मारतो. भस्मासुर ते पाहतो. त्याला वाटतं, इथली पद्धत असेल. तोही सॅल्यूट मारतो. भस्म.

लिहिताना माझ्या अंगावर काटा आला. मंदाला वाचून दाखवलं. तिने विचारलं, मोहिनीचं काय? मोहिनी आता कोर्टात टायपिस्ट आहे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार.

भस्मासुराला वकील हवा. पानं वाढवली.

१९ ऑक्टोबर, रविवार.

संयुक्त सभा. समाजमंदिरात दोन्ही मंडळं. मी उभा राहून मर्ज शब्दाचा उगम सांगितला. मला नक्की माहीत नव्हता, पण आत्मविश्वासाने सांगितला.

कवडू आला होता! मागच्या खांबाला टेकून बसला. सात वर्षांनी आम्ही दोघं एका छपराखाली. मी नाटक वाचून दाखवलं. त्याच्याकडे न पाहता, पण सगळं त्याच्यासाठीच वाचत होतो. हे इथे लिहायला हरकत नाही.

सावकार भस्म होतो तिथे लोक हसले. त्याची विधवा टाहो फोडते तिथे जास्तच हसले. शेवटच्या सॅल्यूटला इतके हसले की मधुकररावांनी चष्मा काढून डोळे पुसले. शोकांतिका लोकांच्या काळजाला भिडली.

मग दोन अडचणी आल्या. दोन्ही मंडळांत खलनायक आहेत आणि दोघांनाही सावकारच व्हायचं आहे. मी म्हटलं, सावकार दोन भाऊ करू. दोघंही भस्म. पण आधी कोण, यावरून वाद लागला. दुसरी अडचण, न्यायाधीशाला दाढी आहे, भस्मासुरालाही दाढी आहे आणि मर्ज झाल्यावर दाढी एकच उरते. सभा गोंधळात संपली.

जाताना कवडूने माठातून पाणी घेतलं. ग्लास परत ठेवला तो माझ्या अगदी जवळ. बोलला नाही. पण ग्लास ठेवला.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन.

कवडूच्या अंगणातलं रॉकेट आमच्या कौलांवर येऊन पडलं. संपर्क सुरू झाला, असं म्हणायला हरकत नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.

हर्षा आली. बॅग ठेवली आणि कुंपणातल्या फटीतून सरळ काकाकडे जेवायला गेली. तिथे काकूने, म्हणजे रत्नमालाने, तिच्यासाठी तळ्यातले मासे केले होते. इथे मंदाने केलेली पुरणपोळी तिने रात्री खाल्ली. एका दिवसात ती कुंपणाच्या दोन्ही बाजूंना बारा वेळा गेली असेल. तिला मर्जर लागत नाही.

मला म्हणाली, बाबा, तुम्ही फक्त जाऊन काकाच्या बाजेवर बसा. काहीच बोलू नका. मी म्हटलं, काहीच न बोलता बसणं मला जमेल असं वाटतं का? ती म्हणाली, तीच तर अडचण आहे.

मुलगी हुशार आहे, पण प्रोसिजर समजत नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार.

समाजमंदिरात दोन्ही मंडळांची सभा होती, असं कळलं. मला निरोप आला नाही. पूर्वतयारीची उपसमिती असावी. सहज त्या बाजूने गेलो. आतून हसण्याचा आवाज येत होता, चहाचा वास येत होता. मी दारात आलो तसे सगळे एकदम गप्प झाले. आदर आहे, दुसरं काही नाही.

कोणीतरी विचारलं, काही काम होतं का भाऊ? मी म्हटलं, नाही, चालू द्या. आणि बाहेर आलो. बाहेर आल्यावर आतलं हसणं पुन्हा सुरू झालं. लोक एकत्र आले की वातावरण मोकळं होतं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार.

मर्जर झालं!

सकाळी मधुकरराव आणि राजकुमार दोघं मिळून माझ्या घरी आले. एकाच मोटरसायकलवर. असं दृश्य सोनबोडीत सात वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं. म्हणाले, ठरलं. एक मंडळ, एक मंडप, एक नाटक. मंदाला चहा टाकायला सांगितलं. मी विचारलं, माझं पुस्तक पूर्ण वापरणार की थोडं कापावं लागेल?

ते दोघं चहा प्याले. मग आणखी चहा प्याले. एकमेकांकडे पाहत होते. शेवटी मधुकरराव म्हणाले की नाटक जुनंच करायचं ठरलं आहे, "धन्या, डोळे उघड". तेव्हा ते अर्धवट राहिलं होतं. कवडू पुन्हा धन्या होणार. दोन्ही मंडळांना पसंत आहे.

मी म्हटलं, उत्तम. मला पाठच आहे. पुस्तकही हातात धरावं लागणार नाही.

राजकुमार जमिनीकडे पाहत म्हणाला, "भाऊ, दोन्ही मंडळाइची एकच अट आहे. अन् दोघाइचीही सारखीच आहे."

मी म्हटलं, अरे, हेच तर चांगल्या मर्जरचं लक्षण! दोन्ही बाजूंच्या अटी सारख्या निघणं म्हणजे काय थोडं आहे? कोणती अट?

मधुकरराव म्हणाले, "तू घरी रायजो."

मंदा चुलीशी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण तिचे खांदे हलत होते. धूर गेला असावा.

दुपारी विचार केला. मोठ्या कंपन्यांत असे लोक असतात. कार्यालयात येत नाहीत, पण त्यांच्याशिवाय पान हलत नाही. माझं पद त्या प्रकारचं दिसतं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार.

आज बोर्ड लागला. श्री शारदा नाट्य मंडळ, सोनबोडी. म्हणजे जुन्या मंडळाचंच नाव. नव्या मंडळाचं नाव गेलं. मी राजकुमारला म्हटलं, अरे, हे तर इंटू झालं. तो म्हणाला, होऊ द्या भाऊ, मंडप माझाच आहे. त्याला काहीच वाटत नव्हतं. नव्या मंडळाच्या एकाही माणसाला काही वाटत नव्हतं. वाईट फक्त मला वाटलं. मी त्या मंडळाचा मार्गदर्शक होतो.

आता कोणत्या मंडळाचा आहे, हे विचारायचं राहिलं.

२ नोव्हेंबर, रविवार.

तालमी रोज होतात. मी जात नाही. फक्त समाजमंदिराच्या मागे आपलं धान कापून पडलं आहे, ते पाहायला संध्याकाळी जावं लागतं. तिथून सगळं ऐकू येतं. तिसऱ्या अंकात एक जण चुकला. मी कुंपणाच्या तुराट्यांमधून वाक्य दिलं. हळूच दिलं.

तालीम थांबली. तिघं जण बाहेर आले आणि मला घरापर्यंत सोडायला आले. दोन जुन्या मंडळाचे आणि एक नव्याचा. वाटेत माझ्या तब्येतीची चौकशी केली. असा सन्मान साहेबांनाही मिळत नाही.

नवा प्रॉम्प्टर कोण ठेवला, असं मी त्यांना विचारलं. म्हणाले, कोणीच नाही. धोका आहे. पण ऐकायला कोणी तयार नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार.

माइकची व्यवस्था पाहायला मंडपाकडे गेलो. निव्वळ तांत्रिक मदत. पायरीपाशी दोन जण बसले होते, एक जुना, एक नवा. याच दोघांची मागच्या मंडईला भोंग्यावरून मारामारी झाली होती. आज एका कागदातून चिवडा खात होते. मला पाहून दोघं एकदम उठले. एकाने डावा हात धरला, एकाने उजवा. इतका ताळमेळ मी बँकेतही पाहिला नाही.

विचारलं, तुमची ड्युटी काय आहे? म्हणाले, "तुमीच आहा भाऊ."

लिहिताना जाणवलं की हे मर्जर ज्या एका गोष्टीवर उभं आहे, ती गोष्ट मी आहे. पाया दिसत नसतो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.

घाईने लिहितो आहे, अक्षर बिघडेल.

दुपारी जेवून ओसरीवर बसलो होतो. कवडू आला. कुंपणातून नाही, रस्त्याने, समोरच्या दाराने. पाहुण्यासारखा. मंदाने बाज टाकली. बसला. रत्नमालाची तब्येत, भात कसा झाला, हर्षा कधी येणार, सगळं मंदाशी बोलला. मी गप्प होतो. खरंच गप्प होतो.

मग माझ्याकडे वळला. सात वर्षांत पहिल्यांदा. त्याच्या कानाजवळचे केस पांढरे झालेत, ते मला माहीत होतं. पण समोरून पाहिलं की वेगळं दिसतं. म्हणाला, "दादा, उद्या नाटकाले येऊ नोको."

मी म्हटलं, बरं.

तो उठला. चप्पल घातली. दारात थांबला आणि म्हणाला, "मले यंदा नीट मरू दे."

मी पुन्हा म्हटलं, बरं. माझ्याजवळ बोलायला पुष्कळ होतं. सात वर्षं साठवलेलं होतं. त्यातलं एकही पटकन हाताला लागलं नाही.

तो गेल्यावर मंदा म्हणाली की जेवायला थांबवायचं होतं. तीही तेव्हा बोलली नाही, आता बोलते. मी त्याच्या बाजेवर जरा वेळ बसलो. आमचीच बाज आहे.

हिशेब: तो दोन वाक्यं बोलला. दोन्ही मी येऊ नये म्हणून. तरी बोलला.

८ नोव्हेंबर, शनिवार. मंडई.

गाव माणसांनी भरलं आहे. हर्षा पहाटेच्या गाडीने आली. मंदा, हर्षा, रत्नमाला तिघी एकाच चटईवर बसणार आहेत, असं कळलं. मंदाने नवी साडी नेसली. मला म्हणाली, भात झाकून ठेवला आहे.

मी घरी आहे. दिलेला शब्द पाळणं हे आपल्या हातात असतं. भोंगा एकच असल्यामुळे घरून स्वच्छ ऐकू येईल. हा फायदा मर्जरचा. कोणाच्या तरी लक्षात यायला हवा.

९ नोव्हेंबर, रविवार.

काय झालं ते क्रमाने लिहितो.

काल नाटक घरी बसून ऐकलं. पहिले दोन अंक ठीक. एक-दोन ठिकाणी मी वाक्य पुढे बोललो, पण घरात कोणी नव्हतं, त्यामुळे ते धरू नये. तिसऱ्या अंकात धन्याची वेळ आली. कवडू सगळं बोलला आणि शेवटच्या वाक्याआधी थांबला.

थांबलाच. भोंग्यातून काही येईना. नुसती खरखर. इतका वेळ की मी ओसरीवरून उठून अंगणात आलो. माझ्या लक्षात आलं की हे थांबणं नाही, हे विसरणं आहे. मला कवडूचा श्वास लहानपणापासून ओळखता येतो. तो तिकडे अडकला होता आणि त्याला वाक्य द्यायला विंगेत कोणीही नव्हतं. मी अंगणातूनच वाक्य द्यायला तोंड उघडलं.

वाक्य आलं नाही.

सगळं नाटक पाठ, आणि तेवढंच एक वाक्य नाही. जेवण जड झालं होतं. भात थंड खाल्ला की असं होतं.

तेवढ्यात भोंग्यातून रडण्याचा आवाज आला. आधी वाटलं नायिका. मग कळलं, मंडप रडतो आहे. माणसं, बाया, पाहुणे, सगळे. कवडू एक शब्द न बोलता मेला होता. मग टाळ्या पडल्या, त्या थांबेनात. मी अंगणात एकटाच उभा होतो. मीही वाजवल्या.

मंदा आणि हर्षा परत आल्या, डोळे सुजलेले. हर्षा म्हणाली, बाबा, काका नुसता बघत राहिला ना, ते पाहायला हवं होतं तुम्ही. मी म्हटलं, हो.

आज सकाळी दात घासत होतो. कुंपणाच्या पलीकडे कवडू उभा. चेहऱ्यावर रंग अजून राहिलेला. म्हणाला, "दादा, रातच्याले मी वाक्य भुललो होतो. खरोखरचा भुललो. बरं झालं, तू नव्हता."

मी मान हलवली. तोंडात मंजन होतं.

मग कुंपणावर दोन्ही कोपर टेकवून म्हणाला, "तुले तं सारं नाटक पाठ आहे. काय होतं गा ते वाक्य?"

मी चूळ भरली. आणखी एकदा भरली. मग खरं ते सांगितलं, की मलाही आठवत नाही. त्याला आधी वाटलं मी मुद्दाम करतो आहे. मग त्याने एक वाक्य म्हणून पाहिलं. मी म्हटलं, हे नाही, हे दुसऱ्या अंकातलं. मग मी एक म्हटलं. तो म्हणाला, "हे तं भस्मासुराचं आहे, दादा." रत्नमाला आली, तिला विचारलं. तिला तर नाटकाचं नावच नीट सांगता येईना.

मंदाने चहाचे दोन कप आणून कुंपणाच्या खांबावर ठेवले आणि आत गेली. चहा संपला. ऊन चढलं. तो पलीकडे आणि मी अलीकडे, दोघंही डोकं खाजवत उभे.

अजून आठवलेलं नाही.